आधी समेट, मग भाकर

चर्चच्या बेसमेंटमधल्या कॉफीचा वास कुठेही आला की मला अजून बसून घ्यावंसं वाटतं. स्टीलच्या मोठ्या पिंपात संध्याकाळपासून उकळत ठेवलेली ती काळी कॉफी, शेजारी पावडरचं दूध, आणि गोलात मांडलेल्या घडीच्या खुर्च्या. त्या खुर्च्यांवर बसून आमच्या मंडळीनं, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, कितीतरी वर्षं एकच प्रश्न चघळला. पुरुषाबरोबर संसार करणाऱ्या पुरुषाला पाळकपदाची दीक्षा द्यावी की न द्यावी? मीटिंगांनी माणूस मरत नाही म्हणतात. मरत नसेल, पण मरगळतो खरा. आणि ज्याच्याबद्दल मीटिंग भरते तो तर सगळ्यांत जास्त.

आमची मंडळी लंडनची. राणीचं लंडन नव्हे, कॅनडातल्या ऑन्टारिओतलं. साठचं दशक सरता सरता आम्ही दोघं इथे आलो. मी हॉस्पिटलात नर्स, आणि आमचे हे त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. दोघंही नगर जिल्ह्यातल्या मिशन कंपाउंडात वाढलेलो. माझे बाबा तर तिथल्या मंडळीचे पाळकच होते. त्यामुळे नव्या गावात ग्रोसरी कुठे मिळते हे कळायच्या आधी आम्ही चर्च शोधलं. मराठी बोलणारं तिथे कुणी नव्हतं. टोरांटोकडे वसईची कॅथलिक मंडळी होती, पण ती दोन तासांवर, आणि त्यांची उपासना वेगळी. आम्ही आपले घराजवळच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसलो.

पहिल्याच रविवारी उपासना संपल्यावर एक उंच, किडकिडीत, लाल केसांचा माणूस ऑर्गनवरून उठून थेट आमच्याकडे आला. तो तिथला ऑर्गन वाजवणारा आणि गाणाऱ्यांचा प्रमुख. एरवी शाळेत संगीत शिकवायचा. "तुम्ही मागे बसून खालचा सूर धरत होता," तो यांना म्हणाला. "पुढच्या रविवारी वर येऊन उभे राहा." हे लाजले, पण गेले. महिन्याभरात यांनी त्याला एक मराठी भजन ऐकवलं आणि त्यानं ऑर्गनवर त्याला साथ बसवली. तालाच्या जागी दोघांची गाडी हमखास अडायची. "तू मोजतोस," हे त्याला म्हणायचे, "मोजू नकोस, टाळी वाजव." आम्ही घरात त्याला मास्तर म्हणायला लागलो आणि तेच नाव टिकलं.

बर्फावर गाडी कशी चालवायची ते यांना मास्तरनं शिकवलं. विंटर टायर कुठून घ्यायचे, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना कंबर कशी सांभाळायची, हेही त्यानंच. शनिवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा आणि वरणभातावर लोणच्याचा खार ओतून घ्यायचा, इतका की मला बघवत नसे. आमची मुलगी झाली, मोठी झाली, त्याच्याकडे गायला लागली. त्याच्या घरात आणखी एक जण राहायचा, सिटी बसचा ड्रायव्हर. तो आम्हाला क्वचितच दिसे, कारण रविवारी त्याची ड्यूटी असे. दोन एकटे पुरुष एका भाड्याच्या घरात राहतात, सोयीचं पडत असेल, इतकाच अर्थ मी त्याचा लावला होता.

मास्तरला पाळक व्हायचं होतं. शाळा सांभाळून, उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवून, तो धर्मशास्त्राचा अभ्यास करत होता. आमच्या पंथाचा नियम असा, की उमेदवाराची शिफारस त्याच्या स्वतःच्या मंडळीच्या एल्डरांनी करायची. एल्डर म्हणजे आपल्याकडे ज्यांना मंडळीचे वडील म्हणतात ते, लोकांनी निवडून दिलेले. त्यांनी दर वर्षी 'हा आमचा माणूस' म्हणून हात वर करायचे. शेवटच्या वर्षीही हात वर झाले की मग वरचं मंडळ दीक्षा देणार. आमचे हेही तोवर एल्डर झाले होते. भारतातला माणूस आपल्याकडे एल्डर आहे याचं कौतुक आमच्यापेक्षा मंडळीलाच जास्त होतं.

शेवटच्या वर्षी मास्तरनं स्वतःहून एल्डरांना सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. "शिफारस करण्याआधी तुम्हाला माहीत असायला हवं," तो म्हणाला. "माझ्या घरात राहतो तो माझा भाडेकरू नाही. तुम्ही जसे आपल्या बायकोबरोबर राहता, तसे आम्ही राहतो."

हे घरी आले ते अंगातला कोट न काढता खुर्चीवर बसले आणि हे सगळं मला सांगितलं. माझ्या तोंडातून निघालं, "म्हणजे इतकी वर्षं आपण जोडप्यातल्या एकालाच जेवायला बोलावत होतो की हो!" शास्त्रातलं मला फारसं कळत नाही, पाळकाची मुलगी असूनही नाही. या प्रश्नावर बाबा काय म्हणाले असते याचा मी पुष्कळ विचार केला आणि मला काही ठरवता आलं नाही. पण मास्तरला मी दहा-बारा वर्षं पाहत होते, आणि ते पाहिलेलं मला पुसता येईना. पुढच्या शनिवारी दोघं आले. बस ड्रायव्हरला लोणचं झेपलं नाही.

एल्डरांनी काय केलं? काहीच नाही. सरळ 'नाही' म्हणाले असते तर एक घाव दोन तुकडे झाले असते. पण इथल्या लोकांना तोंडावर नाही म्हणणं जमत नाही. ते 'विचार करू' म्हणतात आणि खरंच करत बसतात. ठरलं असं, की पंथाच्या मुख्य कचेरीतून या विषयावर अहवाल यायचा आहे, तोवर थांबू या. मास्तर थांबला. पुढच्या वर्षी अहवाल आला नाही. मास्तर पुन्हा थांबला. मधल्या काळात त्यानं त्याच मंडळीतल्या पोरापोरींच्या लग्नात वाजवलं, म्हाताऱ्यांच्या दफनाला वाजवलं, नाताळात मुलांना देवदूतांचे पंख बांधून उभं केलं. ते चालत होतं सगळ्यांना.

ऐंशीचं दशक निम्म्यावर आलं तेव्हा एकदाचा अहवाल आला. मग त्याच्यावर चर्चा. अशा माणसाला दीक्षा देता येईल का? अशा दोघांच्या नात्याला चर्चनं आशीर्वाद द्यावा का? उद्या लग्नच लावून द्या म्हणतील, मग? लग्नाचा विषय निघाला की लोक ओशाळं हसायचे आणि कॉफी आणायला उठायचे. मास्तर त्या गोलातच बसलेला असायचा. त्याच्यासमोर लोक 'असले लोक, असले लोक' करत बोलायचे आणि मग त्याच्याकडे वळून, "तुझ्याबद्दल नाही हं," म्हणायचे. शेवटी गाणं म्हणायची पद्धत होती. मग तोच उठून पियानोवर बसायचा.

आम्हा नवराबायकोवर दोन्ही बाजूंचा डोळा होता. एक बाजू म्हणायची, तुम्ही मिशनच्या मुलखातून आलात, तुमचा विश्वास अजून शुद्ध आहे, तुम्ही बोला. दुसरी म्हणायची, वेगळेपणाचं दुःख तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही बोला. मी दिवसभर वॉर्डात उभी राहून आलेली असायची. मला ना शुद्ध व्हायचं होतं ना दुःखी. मला घरी जाऊन गरम पाण्यात पाय बुडवायचे होते.

विरोधाची बाजू लावून धरणारा म्हणजे एल्डरांचा सेक्रेटरी. ट्रॅक्टरच्या एजन्सीतून रिटायर झालेला, सत्तरीकडे झुकलेला, जाड भुवयांचा माणूस. त्याला वाईट ठरवता आलं असतं तर किती सोपं झालं असतं! पण आमच्या मुलीचा पाळणा त्याच्या घरून आलेला. कडाक्याच्या थंडीत सकाळी गाडी सुरू झाली नाही की हे त्यालाच फोन करायचे, आणि तो पायजम्यावर कोट चढवून बॅटरीला जोडायची केबल घेऊन हजर व्हायचा. त्याची बायको गेली तेव्हा मास्तरनं तिच्या आवडीची सगळी गाणी वाजवली आणि हा पहिल्या बाकावर ढसाढसा रडला. तरी त्याचं एकच पालुपद. "तो चांगला माणूस आहे. वाजवू दे. पण पाळक म्हणून प्रभुभोजनाची भाकर मोडायला तो त्या जागी उभा राहू शकत नाही."

मार्चमध्ये चर्चेची शेवटची फेरी झाली. त्यानंतरच्या आठवड्यात गुरुवारी एल्डरांचं मतदान होतं, आणि या वेळी पुढे ढकलायचं नाही असं पाळकानं बजावलं होतं. दोन्हीकडचे हात जवळजवळ सारखे होते. एक-दोघं कुंपणावर बसलेले, आणि ते यांच्याकडे बघून ठरवणार हे सगळ्यांना माहीत होतं. यांचं मत मास्तरच्या बाजूनं होतं, पण ते सभेत फार बोलत नसत. घरात माझ्यापुढेच काय ते बोलत.

मार्चमधली ती शेवटची मीटिंग संपवून आम्ही पार्किंग लॉटमध्ये आलो. पायाखाली अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल. सेक्रेटरी शेजारच्या गाडीपाशी उभा राहून कुणाला तरी तेच सांगत होता, वाजवू दे, पण त्या जागी नको. आणि यांचा तोल गेला. सोळा वर्षांत मी यांना इंग्रजीत ओरडताना ऐकलं नव्हतं. "तुमच्या बायकोच्या दफनाला तो चालला!" हे ओरडले. "तेव्हा त्याचे हात चालले! आज तेच हात विटाळले का?" सेक्रेटरीचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्या बायकोला यात आणू नकोस," तो म्हणाला. मग तोही बोलला, हेही बोलले. शेवटी मी यांची बाही धरून गाडीत बसवलं. घरी आल्यावर हे म्हणाले, "तिला मध्ये आणायला नको होतं."

आता पुढचं समजायला आमच्या बाबांच्या चर्चची रीत सांगायला हवी. तिथे प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकत्र भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, आधी शुक्रवारी तयारीची सभा असे. बाबा प्रत्येक वेळी एकच सांगत: मनात कोणाशी वाकडं असेल तर आधी समेट, मग भाकर. कोणाचं भांडण मिटलं नसेल तर तो रविवारी आपल्यापुढे आलेली ताटली तशीच पुढे देई. भाकर घेत नसे. लाज वाटायची, पण त्यात कोणी कोणाला हिणवत नसे, कारण ताटली पुढे देणं म्हणजे 'माझं चुकतंय, मी अजून या पंक्तीला बसायच्या लायक नाही' असं सगळ्यांदेखत कबूल करणं. मग दुपारी बाबा आणि मंडळीचे वडील दोघा भांडणाऱ्यांना आमच्या ओट्यावर बसवून चहा पाजत. कित्येक भावाभावांची आणि जावाजावांची भांडणं मी त्या चहावर मिटताना पाहिली आहेत. हे आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की कॅनडात आम्ही कधी त्याचा उच्चारही केला नव्हता. गरजच पडली नव्हती. भांडण व्हायला आपली म्हणावी अशी माणसं लागतात, आणि ती होण्यात बरीच वर्षं गेली होती.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. इथली पद्धत अशी: पांढऱ्या ब्रेडचे चौकोनी तुकडे ताटलीत, द्राक्षाचा रस इवल्याशा ग्लासांत. एल्डर बाकाबाकांतून ताटल्या फिरवतात, आणि शेवटी पहिल्या बाकावर ओळीनं बसलेल्या एल्डरांना पाळक स्वतः देतो. त्या दिवशी पाळकानं ते काम मास्तरकडे दिलं. उमेदवाराला एवढी मदत करायची मुभा होती. पाळक तसा भित्रा माणूस, पण गुरुवारच्या आधी एल्डरांनी एकदा मास्तरच्या हातून भाकर घेऊन बघावी असं त्याच्या मनात असणार. सगळ्या चर्चचे डोळे त्या पहिल्या बाकाकडे लागलेले होते. मास्तरनं ताटली धरली. त्याचे हात स्थिर होते. एकेकानं तुकडा उचलला. सेक्रेटरीची पाळी आली. तो क्षणभर थांबला, मास्तरकडे वर बघितलं, आणि तुकडा उचलून तोंडात टाकला. मग आमच्या यांच्यापुढे ताटली आली. यांनी मान खाली घातली आणि ताटली हातानं हलकेच शेजारच्याकडे सरकवली.

मी तिसऱ्या बाकावर होते. खरं सांगते, मला भरून आलं. बाबांचं चर्च आठवलं. मनात म्हटलं, बरं केलंत. आता दुपारी त्याला घरी बोलवा आणि चहा पाजा. मागच्या बाकांवर कुजबुज झाली ती मी ऐकली, पण तिचा अर्थ माझ्या डोक्यातही आला नाही.

गाडीत मागे बसलेली मुलगी म्हणाली, "डॅड, यू डिडन्ट टेक इट."

"नाही घेतलं, बाळा. माझं भांडण झालंय ना."

"विथ हिम?"

"हो, त्याच्याशीच," हे म्हणाले. यांच्या डोक्यात सेक्रेटरी होता. मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली. दुपारी यांनी सेक्रेटरीला फोन केला, तो घरी नव्हता. मास्तरला फोन करायचं आम्हाला कारणच दिसलं नाही.

सोमवारी मी ड्यूटीवरून आले तर सेक्रेटरी आमच्या दारात उभा. हातात भावाच्या शेतावरच्या मेपल सिरपची बाटली. यांना वाटलं, हा समेटालाच आलाय. घाईनं त्याला आत घेतलं, मी चहा टाकला. तो टोपी हातात फिरवत म्हणाला, "पार्किंग लॉटमधलं विसरून जाऊ. काल तू जे केलंस त्याला छाती लागते. तो तुझा मित्र असूनही तू त्याच्या हातून घेतलं नाहीस. मलासुद्धा तेवढं जमलं नाही. तुम्हा लोकांत विश्वास अजून जिवंत आहे."

हे सावकाश म्हणाले, "मी तुमच्यामुळे नाही घेतलं."

"माझ्यामुळे?"

यांनी त्याला सगळं सांगितलं, शुक्रवारची सभा, ताटली, ओट्यावरचा चहा. तो ऐकत गेला आणि त्याच्या भुवया खाली खाली येत गेल्या. "अरे देवा," तो म्हणाला. "आज सकाळी त्यानं पाळकाला फोन करून नाव मागे घेतलं. मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल."

चहा तसाच राहिला. आम्ही दोघं तशाच कपड्यांवर मास्तरच्या घरी गेलो. दार बस ड्रायव्हरनं उघडलं. तो आम्हाला लगेच आत या म्हणाला नाही. "काल दिवसभर त्यानं तुमच्या फोनची वाट पाहिली," तो म्हणाला. मग बाजूला झाला. मास्तर स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, शाळेच्या मुलांच्या वह्या समोर ठेवून. हे उभ्या उभ्याच बोलायला लागले. इंग्रजी अडखळत होतं, मधेच मराठी येत होतं, मी जमेल तशी भर घालत होते. मास्तरनं सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे तू माझ्या बाजूनं त्याच्याशी भांडलास," तो म्हणाला, "आणि माझ्यासाठी भांडलास म्हणून माझ्या हातून घेता आलं नाही."

"हो."

"त्या बाकावर सगळ्यांचे हात आले. त्याचासुद्धा आला. तुझाच आला नाही."

"माझं चुकलं. नाव परत घाल. गुरुवारी मी उभा राहून सगळ्यांना सांगतो."

"सांगशील, आणि ते ऐकतीलही. कदाचित माझी शिफारसही होईल." मास्तरनं चष्मा काढून डोळे चोळले. "मग पुढच्या गावात, पुढच्या चर्चमध्ये मी ताटली घेऊन उभा राहीन आणि प्रत्येक हाताकडे बघत बसेन, हा येतो की नाही. काल तुझा आला नाही तेव्हा मला कळलं, की माझ्यात तेवढं बळ आता उरलेलं नाही. तुझ्यामुळे संपलं नाही ते. आधीच संपलं होतं, मला कळलं काल."

मग मास्तर जरा मोठ्यानं म्हणाला, आणि त्याचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. "इतकी वर्षं सगळे माझ्यावरून भांडतायत. माझ्याशी कोणी भांडत नाही. काल ताटली माझ्या हातात होती, आणि तेव्हासुद्धा जे चाललं होतं ते तुम्हा दोघांतच!"

बस ड्रायव्हर त्याच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून आम्हाला म्हणाला, "रात्रभर झोपलेला नाही तो." आम्ही निघालो. दारापर्यंत मास्तर आला. यांना म्हणाला, "जा, त्या म्हाताऱ्याशी समेट कर. तुमचा होईल."

आणि झाला. पाळक मध्ये पडला, आमच्याच टेबलाशी चहा झाला, यांनी सेक्रेटरीच्या बायकोचं नाव काढल्याबद्दल त्याची माफी मागितली. सेक्रेटरी म्हणाला, तुमच्या बाबांच्या रीतीइतकी शहाणपणाची गोष्ट मी चर्चमध्ये कधी ऐकली नाही. जूनच्या प्रभुभोजनाला दोघं शेजारी शेजारी बसले आणि दोघांनी भाकर घेतली. मास्तरनं चर्चमध्ये वाजवणं सोडलं होतं, ऑर्गनवर एक नवी मुलगी होती, प्रत्येक गाणं मेलं मुंगीच्या पावलांनी वाजवणारी. घरी आल्यावर हे म्हणाले, "बाबांना बरं वाटलं असतं."

"बाबांनी आधी विचारलं असतं, तिसरा कुठाय?" मी म्हटलं. मला राग आला होता, यांचा, त्या म्हाताऱ्याचा, आणि थोडा बाबांचासुद्धा. हे त्या दिवशी जेवले नाहीत.

शाळा सुटल्यावर मास्तर आणि त्याचा सोबती विनिपेगला गेले. तिथे एकाला शाळेत काम मिळालं, दुसऱ्याला बसवर. निरोपाचा समारंभ करू या असं मंडळीनं सुचवलं होतं, केकसुद्धा ठरला होता. मास्तरनं नको म्हणून सांगितलं. आमच्याकडे मात्र दोघं जेवून गेले. यांनी आणि त्यानं भजन म्हटलं, आणि तालाच्या जागी गाडी अडली. दोघांपैकी कोणीही हसलं नाही.

ऑक्टोबरात सगळ्या मंडळीची सभा भरली. अहवालावर आमचं उत्तर मुख्य कचेरीला पाठवायचं होतं. तोच बेसमेंट, तीच कॉफी, पण लोक मोकळे झालेले, वर्षानुवर्षांची दाढदुखी थांबल्यासारखे. पाळकानं उत्तराचा मसुदा वाचून दाखवला: 'आमच्या मंडळीत असा कोणी उमेदवार नसल्यामुळे या विषयावर आम्ही कोणताही निर्णय घेतलेला नाही.' बाहेर पाऊस होता, लोकांना घरी जायचं होतं. काहींनी कोटाच्या बाह्या चढवायला घेतल्या. मी मागे कपांपाशी उभी होते. मला काही बोलायचं नव्हतं. मी दमले होते, त्या दिवशीच नव्हे, सगळ्याच बाबतीत.

"होता," मी म्हटलं.

पाळकानं वर पाहिलं. "काय म्हणालात?"

"उमेदवार होता. 'कोणी नसल्यामुळे' असं लिहू नका. आमच्यात एक होता, असं लिहा."

हे माझ्याकडे बघत होते, त्यांचे डोळे भरले होते. मग पुढच्या रांगेत सेक्रेटरीनं जड हात वर केला. "अनुमोदन," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

पाळकानं दुरुस्ती मताला टाकली. कोट अर्धे चढवलेले हात एकामागून एक वर आले, मास्तरच्या बाजूच्यांचे आले, विरोधातल्यांचे आले, कुंपणावरच्यांचेही आले. विरोधात कोणी? कोणी नाही. इतक्या वर्षांत त्याच्याबद्दल आमच्या मंडळीनं एकमतानं मंजूर केलेली ही एकच गोष्ट, की तो होता.